इनामगावची डबी कोणत्या रकान्यात?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केलं. पुरातत्त्वज्ञ सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नावांनी त्याचा मोठा अहवाल १९८८ साली निघाला. इ.स.पू. १६०० ते ७०० या जवळपास नऊशे वर्षांतल्या एका शेतकरी वस्तीचं इतकं सविस्तर चित्र दख्खनमध्ये त्याआधी कुणी उभं केलेलं नव्हतं. तिथं एका घराच्या जमिनीखाली पुरून ठेवलेली मातीची झाकणाची डबी सापडली. आत डोकं नसलेली स्त्रीमूर्ती होती. डबीसोबत डोकं असलेली आणखी एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. शिरविहीन मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीवरही भोक; काडी घातली तर मूर्ती बैलावर उभी राहते. आता ही नोंद संगणकात भरायची म्हटलं तर पहिल्याच पडद्यावर अडायला होतं. हिला दाखल क्रमांक एक द्यायचा, की डबी, झाकण, दोन मूर्ती आणि बैल असे पाच? पाच दिले आणि ‘संबंधित वस्तू’ असा रकानाच नसला, तर उद्या ‘बैल, मृण्मय’ असा शोध घेणाऱ्याला एक बैल मिळेल. त्याच्या पाठीवरचं भोक कशासाठी हे मात्र त्याला कधीच कळणार नाही. वस्तू फडताळात सुखरूप असेल आणि शोधाचा गाभा हरवलेला असेल.

संग्रहालयाच्या माहितीसाठ्यात कोणते रकाने असावेत, हा प्रश्न कारकुनी समजला जातो. संचालक तो सहायकावर सोपवतात, सहायक तो सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यावर, आणि पुरवठादार आधीच्या गिऱ्हाइकाचा नमुना काढून देतो. माझं म्हणणं असं, की रकाने आखताना संग्रहालय आपल्याला काय माहीत असू शकतं याची हद्द ठरवत असतं. त्या आखणीत सर्वांत जास्त हयगय होते ती दोन ठिकाणी: वस्तू कशासोबत, कोणत्या थरात मिळाली हे सांगणाऱ्या रकान्यांची, आणि वस्तूबद्दल जे विधान केलं आहे ते कुणी, केव्हा, कशाच्या आधारे केलं हे सांगणाऱ्या रकान्यांची. बाकी लांबी-रुंदी, माध्यम, छायाचित्र हे सगळं वस्तू पुन्हा समोर ठेवून कधीही भरता येतं. या दोन गोष्टी एकदा निसटल्या की परत मिळत नाहीत.

कागदी रजिस्टरात एक सोय होती, तिचा विसर पडला आहे. त्यात समास होता. रकाना अपुरा पडला की समासात बारीक अक्षरात ‘मूळ चिठ्ठीत वेगळा थर दिला आहे, पाहावे’ असं लिहिता येई. संगणकाला समास नाही. जे रकान्यात बसत नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. म्हणून १९६० नंतर संग्रहालयांत संगणक येऊ लागले तेव्हापासून जगभर रकान्यांच्या याद्या करण्याचा उद्योग चालू आहे. अमेरिकेत रॉबर्ट चेनहॉल यांनी १९७८ साली मानवनिर्मित वस्तूंच्या नावांची वर्गवार सूची काढली. ब्रिटनमध्ये १९९४ साली ‘स्पेक्ट्रम’ हे मानक आलं. त्यात वस्तू आत येण्यापासून उसनी देण्यापर्यंतच्या एकवीस कार्यपद्धती आणि त्या प्रत्येकीला लागणारे माहितीचे घटक सांगितले आहेत. गेटी संस्थेच्या पुढाकारानं १९९७ साली ‘ऑब्जेक्ट आयडी’ ही छोटी यादी तयार झाली. चोरीला गेलेली वस्तू पोलिसांना आणि कस्टमवाल्यांना ओळखता यावी हा तिचा हेतू, म्हणून तिच्यात प्रकार, साहित्य, मापं, खुणा, काळ, कर्ता अशा वस्तूकडे पाहून ओळख पटवणाऱ्या बाबी आहेत आणि सापडल्याची जागा मुख्य यादीत नाही. यात तिचा दोष काही नाही. पण तीच यादी एखाद्या पुरातत्त्व संग्रहालयानं सर्वस्व म्हणून उचलली, तर इनामगावचं खापर आणि जुन्या बाजारातून घेतलेलं खापर यांच्या नोंदी सारख्याच दिसतील. प्रत्येक यादीमागे कुणाची तरी एक गरज असते. आपली गरज तीच आहे का, हे आधी पाहायला हवं.

आपल्याकडची यादी पाहू. पुण्याच्याच सी-डॅकनं ‘जतन’ ही संग्रहालयांसाठीची प्रणाली बनवली आणि तिच्या आधारे २०१४ पासून केंद्रीय सांस्कृतिक खात्याच्या अखत्यारीतल्या संग्रहालयांच्या नोंदी एका राष्ट्रीय पोर्टलवर दिसू लागल्या. हे काम मोलाचं आहे. त्याआधी एका संग्रहालयात काय आहे हे दुसऱ्याला पत्र लिहून विचारावं लागे. त्या पोर्टलवरच्या नोंदीत दिसणारे रकाने वाचले की मात्र एक कल लक्षात येतो. शीर्षक, कलाकार, आश्रयदाता किंवा राजघराणं, शैली, घराणं, लिपी, पृष्ठसंख्या, चित्रसंख्या. मुघल लघुचित्राला आणि चोळ ब्राँझला हे बेतून शिवल्यासारखे बसतात. इनामगावच्या जोर्वे संस्कृतीतल्या रांजणाला ना कलाकार, ना राजघराणं, ना शीर्षक. मूळ ठिकाण आणि सापडल्याचं ठिकाण हे दोन वेगळे रकाने तिथं आहेत ही चांगली गोष्ट. पण चर कोणता, थर कोणता, घर कितवं, सोबत काय, यांना त्या पानावर स्वतंत्र जागा नाही. ते सगळं ‘सविस्तर वर्णन’ नावाच्या मोठ्या चौकटीत कोंबायचं. कलावस्तूच्या साच्यात पुरावस्तू ओतली की तिची गत अशी होते: जे विचारलं जातं ते तिच्यापाशी नाही आणि तिच्यापाशी आहे ते कुणी विचारत नाही.

इनामगावातच एक पाच खोल्यांचं घर मिळालं. त्याच्या अंगणात चार पायांचा, माणसाच्या धडाची आठवण करून देणारा मोठा रांजण पुरलेला होता आणि त्यात बसलेल्या स्थितीत एका प्रौढ माणसाचा सांगाडा. इनामगावची रीत वेगळी होती: मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरायचं, प्रौढांना उताणं निजवून, पावलं तोडून. या माणसाची पावलं शाबूत होती. घराचा आकार, शेजारचं धान्याचं कोठार आणि हे वेगळं दफन एकत्र धरून उत्खननकर्त्यांनी हे गावप्रमुखाचं घर असावं असं अनुमान काढलं. अनुमान भक्कम आहे, पण ते अनुमान आहे. माहितीसाठ्यात ‘वापरकर्ता’ असा एकच रकाना असेल तर सहायक त्यात ‘गावप्रमुख’ असं भरतो. दहा वर्षांनी तीच नोंद भिंतीवरच्या फलकावर येते आणि तिथून शाळेच्या सहलीच्या वहीत. ‘असावं’ हे क्रियापद रकान्यात मावत नाही, म्हणून गळून पडतं. उपाय अवघड नाही. चार पाय, उंची, तळ, सांगाड्याची स्थिती हे निरीक्षण एका रकान्यात. ‘गावप्रमुखाचं दफन’ हा अन्वय दुसऱ्या रकान्यात. आणि त्या दुसऱ्याला चिकटून तीन छोटे रकाने: कुणी म्हटलं, कोणत्या वर्षी, कशावरून. शिवाय हा संच एकाच वस्तूसाठी पुन्हा पुन्हा भरता आला पाहिजे, म्हणजे उद्या कुणी वेगळं मत मांडलं तर जुनं पुसावं लागणार नाही. शिरविहीन मूर्तीचं नातं पुढच्या काळातल्या शिरविहीन देवतांशी जोडणारं मतही अशाच रकान्यात शोभेल; ‘विषय: देवी’ असं ठोकून दिलं तर ते मत न राहता वस्तूचा गुणधर्म होऊन बसतं.

हा नुसता काटेकोरपणाचा हव्यास नव्हे, हे दायमाबादच्या ब्राँझवरून दिसतं. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली झाडाचं खोड खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भरीव धातूच्या वस्तू मिळाल्या; एकूण वजन साठ किलोंच्या वर. त्या उत्खननात, थरात मिळालेल्या नाहीत. त्या उत्तर हडप्पाकालीन आहेत असं एक मत. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून संशोधक डी. पी. अगरवाल यांनी त्या काळाविषयी शंका घेतली. दोन्ही बाजूंना मोठी माणसं आहेत. आता ‘काळ’ हा रकाना एकच किंमत घेत असेल तर संग्रहालयाला न्यायाधीश व्हावं लागतं, आणि निकालाची कारणं लिहायला जागाही नसते. दोन मतं आपापल्या आधारांसह शेजारी शेजारी ठेवता आली, आणि ‘मिळण्याची परिस्थिती’ या रकान्यात ‘थराबाहेर, शेतकऱ्याला खणताना’ असं स्वच्छ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वादाचं मूळ दोन ओळींत कळतं. माहितीसाठ्यांच्या जगात याच दिशेनं विचार झालेला आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या दस्तऐवजीकरण समितीनं विकसित केलेली आणि २००६ साली आयएसओ मानक झालेली संकल्पनात्मक रचना वस्तूपेक्षा घटनांभोवती बांधलेली आहे: घडवणं, वापरणं, पुरणं, सापडणं, हातबदल होणं, अभ्यासणं. प्रत्येक घटनेला माणूस, जागा आणि काळ. ती रचना जशीच्या तशी तालुक्याच्या संग्रहालयात वापरणं म्हणजे डोकेदुखी. पण तिच्यातला विचार चार रकान्यांतही उतरवता येतो.

रिकाम्या रकान्याबद्दल फार कमी बोललं जातं. ‘देणगीदार’ रिकामा आहे याचे निदान चार अर्थ होऊ शकतात: देणगीदार नव्हता, वस्तू उत्खननातली आहे; होता, पण नाव कुणी लिहून घेतलं नाही; नाव रजिस्टरात आहे, संगणकात भरायचं राहिलं; किंवा देणाऱ्यानं नाव गुप्त ठेवायला सांगितलं. चारही अर्थांना पडद्यावर सारखीच पांढरी चौकट मिळते. पुढे कुणी त्या वस्तूवर हक्क सांगत आला, तर दुसऱ्या आणि चौथ्या अर्थातला फरक कोर्टात महत्त्वाचा ठरेल. ‘लागू नाही’, ‘शोधून मिळालं नाही’, ‘अजून पाहिलं नाही’, ‘राखीव’ अशा चार ठरीव नोंदी करून ठेवल्या तर हे टळतं, आणि काम किती उरलंय याचा हिशेबही आपोआप निघतो. याउलट रकाना सक्तीचा करायचा आणि तो भरल्याशिवाय नोंद पुढेच जाऊ द्यायची नाही, ही सॉफ्टवेअरवाल्यांची आवडती युक्ती घातक आहे. सक्ती केली की माणूस काहीतरी भरतो. ‘काळ’ सक्तीचा असला की निम्म्या संग्रहाला ‘१८ वं शतक’ लागतं.

जागेचा रकाना दिसायला सर्वांत सोपा. त्यात ‘शिरूर’ लिहिलं की झालं असं वाटतं. पण शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, शिरूर कासार बीडमध्ये आणि शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये, तिन्ही तालुक्याची ठिकाणं. पुण्याच्या शिरूरला जुनी माणसं घोडनदी म्हणतात, तेव्हा जुन्या चिठ्ठीवर ‘घोडनदी’ असलं तर ते गाव की नदीचं पात्र, हाही प्रश्न. दौंडचं तसंच. इंग्रजी राजवटीतल्या कागदांत ते ‘धोंड’ असल्यासारखं लिहिलेलं आढळतं, आणि आजच्या दौंड तालुक्यातली गावं तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात मोडत. त्या काळात मिळालेल्या एखाद्या वीरगळाच्या नोंदीत ‘ता. भीमथडी’ असेल आणि ड्रॉपडाउनमध्ये भीमथडी नसेल, तर भरणारा अंदाजानं बारामती निवडेल. जिल्ह्यांची नावंही बदलतात: उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. म्हणून जागेला दोन रकाने लागतात. एकात जुन्या कागदावर जसं आहे तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट; दुसऱ्यात आजचं गाव, तालुका, जिल्हा, आणि हे जुळवणं कुणी केलं त्याचं नाव. पहिल्या रकान्यात हात घालायची मुभा कुणालाही नको.

हीच गोष्ट तारखेची, आणि इथं आयात केलेली सॉफ्टवेअरं सपशेल आपटतात, कारण त्यांना दिवस-महिना-वर्ष असा एकच आकार ठाऊक असतो. मराठी मुलखातल्या वस्तूंवर आणि कागदांवर शके असतो, राज्याभिषेक शक असतो, फसली असतो; मोडी पत्रांत सुहूर सन अरबी अंकनामांत आणि तारीख हिजरी महिन्याच्या चंद्रात. समईवर ‘शके १६९०’ कोरलेलं असेल तर ते साल १७६८च्या वसंतापासून १७६९च्या वसंतापर्यंत पसरतं. रकान्यात नुसतं ‘१७६८’ भरणं म्हणजे लहानसा का होईना, निर्णय घेणं. सुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो. तिथं चूक करायला आणखी वाव. यालाही तोच उपाय: कोरलेलं जसंच्या तसं एका रकान्यात, आणि शोधासाठी ‘अलीकडची मर्यादा’ व ‘पलीकडची मर्यादा’ असे आकड्यांचे दोन रकाने. यात कायद्याचाही भाग आहे. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांना पंचाहत्तर पुरतात. ‘सुमारे १९२०’ असं मोघम भरलेली वस्तू कायद्याच्या आत की बाहेर, हे त्या ‘सुमारे’वर ठरतं.

वस्तूंच्या नावांबाबत भांडण जुनं आहे. एका बाजूला शिस्तवाले: शब्दसूची ठरवा, तिच्याबाहेरचा शब्द घेऊ नका, नाहीतर शोध चालणार नाही. दुसऱ्या बाजूला ज्यांना परकी शब्दसूची बोचते ते. दिनकर केळकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या राजा केळकर संग्रहालयाकडे वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा घरगुती: अडकित्ते, वजऱ्या, पानपुडे, दिवे, भांडी. वजरीला इंग्रजी सूचीत ‘पाय घासायची वस्तू’ यापलीकडे जाता येत नाही, आणि तांब्या, घंगाळ, कळशी, घागर सगळे ‘पाण्याचं भांडं’ होऊन जातात. शिस्तवाल्यांचं म्हणणं तरीही खरं आहे. प्रत्येकानं मनाला येईल ते लिहिलं तर दोनशे घागरींपैकी साठच सापडतील. पण एक शब्द निवडण्याची सक्ती वहीच्या काळातली आहे. माहितीसाठ्यात एक मान्य शब्द आणि त्याला बांधलेले हवे तितके पर्यायी शब्द, कोणता कुठल्या भागातला हे सांगून, ठेवता येतात. दुखणं तंत्राचं नाही. मराठीत अशी वर्गवार, सर्व संग्रहालयांनी मिळून वापरायची सूची करायला दोन-तीन जाणत्या माणसांची काही वर्षं लागतील, आणि त्या वर्षांचा पगार कुठल्याच योजनेत बसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो मनुष्यबळाचा, आणि तो टाळण्यासारखा नाही. जिथं एक अभिरक्षक आणि एक शिपाई आहे तिथं प्रत्येक विधानाला ‘कुणी, केव्हा, कशावरून’ भरायचं कुणी? माझं उत्तर असं, की रकाने वाढवण्याचा मुद्दाच नाही, बदलण्याचा आहे. साठ-सत्तर रकान्यांच्या साच्यातले चाळीस बहुतेक ठिकाणी कायम रिकामे असतात. दाखल क्रमांक, नाव, आज वस्तू ठेवलेली जागा, छायाचित्र, सापडल्याची जागा जुन्या कागदाप्रमाणे, सोबतच्या वस्तू, संग्रहालयात कशी आली, जुन्या रजिस्टरातला मजकूर जसाच्या तसा, आणि ‘हे कुणी म्हटलं’ एवढं जरी प्रामाणिकपणे भरलं, तरी शैली आणि अलंकरण पुढच्या पिढीला भरता येईल. दुसरा आक्षेप नव्या काळातला: आता यंत्र मोकळा मजकूर वाचतं, तर रकान्यांची कटकट हवी कशाला, वर्णन लिहा आणि सोडून द्या. मोकळ्या मजकुराची बाजू मी घेईन. समास परत मिळतो तो तिथंच. पण यंत्र लिहिलेलं वाचतं, न लिहिलेलं नाही. वर्णनात थराचा उल्लेख नसेल तर थर माहीत नव्हता की लिहिणाऱ्याला सुचलं नाही, हे कुठलंच यंत्र सांगणार नाही. रकान्याचं खरं काम उत्तर साठवणं इतकंच नसतं. भरणाऱ्याला प्रश्न विचारणं हेही असतं. तिसरा आक्षेप मानकवाद्यांचा: प्रत्येकानं आपापले रकाने केले तर नोंदी एकमेकींशी जुळणार कशा? त्यांनी स्पेक्ट्रमच नीट वाचावं. तिथंही घटकांची निवड संग्रहालयानं आपल्या गरजेनं करायची असते. राष्ट्रीय पोर्टलला लागणारे रकाने तसेच ठेवून आत आपले चार जास्तीचे ठेवायला आडकाठी नाही. जुळणी बाहेर जाणाऱ्या नोंदीची करायची असते.

चौथा आक्षेप मात्र मला जड जातो. सापडल्याची जागा जितकी नेमकी लिहाल तितकी ती चोरांना सोयीची. इनामगावसारख्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती खत म्हणून शेतात टाकायला ट्रॉल्या भरून नेण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि धातुशोधक यंत्र घेऊन नाण्यांच्या मागे फिरणारेही आहेत. गट नंबर आणि अक्षांश-रेखांश पोर्टलवर टाकणं म्हणजे त्यांना पत्ता देणं. जागा लिहूच नये हे याचं उत्तर नव्हे. गावाचं नाव सगळ्यांना, तर गट नंबर, चर आणि थर फक्त संशोधकाच्या लॉगिनला, असं रकान्यापरत्वे ठरवता येतं. मानवी अवशेषांच्या छायाचित्रांनाही हाच न्याय लावावा. फक्त हे पहिल्या दिवशी करावं लागतं. गाव, गट आणि थर एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन भरले असतील, तर नंतर त्यांतलं एक झाकायचं म्हटलं की वीस हजार नोंदी हातानं फोडाव्या लागतात. तोवर त्या कुठल्या तरी पोर्टलवर निर्यात झालेल्या असतात, आणि तिथून त्या परत घेता येत नाहीत.